कडेकडेने

सायकल काढून अंगणाबाहेर पडणाऱ्या माणसाला गोव्यातल्या आमच्या पेडण्यात निरोपाचं एकच वाक्य मिळतं: ‘कडेकडेन वच रे!’ ओसरीवरची आजी ते म्हणते, चुलीपाशी बसलेली आई म्हणते, आणि स्वतःच्या पिकअपखाली कालच शेजाऱ्याची कोंबडी घेतलेला दुकानदारही, चेहरा गंभीर करून, तेच म्हणतो. वाक्यात माया आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या कडेला आपली रवानगी होते, तिथे या निरोप देणाऱ्यांपैकी कुणीच बऱ्याच वर्षांत फिरकलेलं नसतं. कड चारचाकीतून दिसत नाही, बसच्या खिडकीतून तर मुळीच नाही. ती पाहायची तर सायकलच हवी.

आणि पाहिली की कळतं, कड हा एक वेगळाच मुलूख आहे. डांबर संपतं तिथे चार बोटं उंचीची पायरी असते. तिच्याखाली जांभ्याची लाल माती, मे महिन्यात भुकटी आणि जुलैत लोणी. पलीकडे गटार, गटारावर कुठे लादी, कुठे नुसती लादीची आठवण. काजूची वाळकी पानं, वाऱ्याने उतरवलेलं माडाचं झाप, सहलीला आलेल्या कुणीतरी मागे ठेवलेली फुटकी बाटली, सावलीच्या जागी शेवाळ. रस्त्याला जे जे नकोसं झालं ते सगळं कडेला येऊन राहिलेलं असतं, आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने त्यात आपलीही भर पडते.

गावातल्या कुत्र्याला असा आशीर्वाद कुणी दिलेला नसतो. तो रस्त्याच्या मधोमध झोपतो. भर दुपारी, डांबर तापलेलं असताना, चारी पाय पसरून, एखाद्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, निर्धास्तपणाने. बस येते, कर्णा वाजतो, कुत्रा एक कान हलवतो, आणि बस त्याला वळसा घालून पुढे जाते. कुत्र्याच्या नशिबी अपघात नसतात असं मला म्हणायचं नाही. पण तो वाचतो तेव्हा का वाचतो, यावर विचार करायला सायकलवरून भरपूर वेळ मिळतो. तो दिसतो, म्हणून वाचतो. तो मध्ये आहे म्हणून ड्रायव्हरला त्याच्याविषयी काहीतरी ठरवावं लागतं. कडेला चिकटलेल्या सायकलवाल्याविषयी मात्र काहीच ठरवावं लागत नाही. तो मैलाच्या दगडासारखा मागे पडतो, आणि समोरून दुसरी गाडी आली की तो दगड नव्हता हे फार उशिरा लक्षात येतं.

म्हणून जाणती माणसं कडेपासून निदान हातभर आत चालवतात. त्या हातभर जागेत दोन सोयी आहेत. मागून येणाऱ्याला आपण दिसतो, आणि तो फारच अंगावर आला तर डावीकडे सरकायला आपल्यापाशी थोडी शिल्लक राहते. आधीच कडेला असलेल्या माणसाची शिल्लक गटारात असते. जर्मनीत तर २०२० पासून हे अंतर कायद्यात मोजून दिलंय: सायकलला ओलांडताना मोटारीने गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडायची. अस्नोड्याहून डिचोलीकडे जाताना मी कधी कधी हा कायदा मनातल्या मनात लावून पाहतो. सायकलला तिची जागा दिली, वर दोन मीटर दिले, आणि समोरून एखादा टेम्पो आला, तर आपली बस थेट कुणाच्या तरी काजूच्या बागेत शिरते. तेव्हा बसने थोडा वेळ मागेच राहावं, हा त्यातून निघणारा एकमेव अर्थ. जर्मन कायद्यालाही बहुधा तेच म्हणायचं असावं, फक्त त्यांनी ते मीटरमध्ये सांगितलं.

बाजूंचा हा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट. पोर्तुगालने १९२८ साली आपली सगळी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्याला मात्र डावीकडेच राहू दिलं, कारण शेजारी सगळा डावीकडून चालणाऱ्यांचा मुलूख. लिस्बनमध्ये बसलेल्या कुणा अधिकाऱ्याला सीमेवरचा पत्रादेवीचा नाका डोळ्यांसमोर आला असेल असं वाटत नाही, पण गोवाही उजवीकडे गेला असता तर, असा विचार केला की मला येतो. बांद्याहून सायकलवर निघालेला एखादा गृहस्थ, मागच्या कॅरिअरला मिरचीचं पोतं, धोतराचा सोगा खोचलेला, सीमेपर्यंत बिचारा डावीकडून येतो आणि तिथे शिपाई त्याला सांगतो की इथून पुढे उजवीकडून. परतताना पुन्हा उलट. पोर्तुगिजांनी चारशे पन्नास वर्षांत जे काही केलं त्यात हे एक न करणं आमच्या सायकलवाल्यांच्या पथ्यावर पडलं.

पण रस्त्यावर वावरायचं कसं हे शिकायचं तर मी ना जर्मनांकडे जाईन ना पोर्तुगिजांकडे. मी पोदेराकडे, म्हणजे आमच्या पाववाल्याकडे, बघेन. पहाटेच्या अंधारात आणि पुन्हा दुपार कलल्यावर तो येतो. सायकलच्या मागे त्याच्या खांद्याएवढी बांबूची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, आत पाव, उंडे, कातरे पाव, पोळी आणि टणक कांकणं. हँडलला रबरी भोंगा. सुरक्षित सायकल चालवण्याचं कुठलंही पुस्तक उघडा, पोदेर त्यात नापास होतो. ओझं मागे आणि उंच, म्हणजे पुढचं चाक हलकं आणि हँडल चंचल. आरसा नाही. कडेने तर तो जातच नाही. वाटेल तिथे थांबतो, मनात आलं की उजवीकडे वळतो, आणि सुटे पैसे मोजताना सायकल मांडीला टेकवून अर्धा रस्ता अडवतो.

तरीही त्याच्या अंगावर कुणी गाडी घालत नाही. का, हे एकदा पहाटे पाहून ठेवावं. पोदेर दिसायच्या आधी ऐकू येतो. पों पों हा आवाज वळणाच्या पलीकडून, माडांतून, धुक्यातून पुढे येतो आणि मग मागून माणूस येतो. तो कुठल्या घरासमोर थांबणार हे सगळ्या वाड्याला ठाऊक असतं, वाड्यातल्या ड्रायव्हरांनाही. त्याला ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी चहा उकळत ठेवून त्याचीच वाट पाहत असतं. ज्याची वाट पाहिली जाते त्याला धक्का देऊन पुढे जायला हात धजत नाही. पूर्वी, भोंगा आणि सायकल दोन्ही नव्हती तेव्हा, पोदेर पायी यायचा आणि हातातली बांबूची काठी जमिनीवर आपटत वाजवायचा. म्हणजे सायकल मागून आली. आपण येत असल्याची वर्दी आधीपासूनच होती. आता काही पोदेर स्कूटरवर येतात. स्कूटरला चांगला विजेवरचा हॉर्न असतो, पण त्यांनी शेजारी तो रबरी भोंगा बांधलेलाच असतो, कारण दुसऱ्या आवाजाला गावात कुणी भांडं घेऊन बाहेर येत नाही.

आता प्रत्येकाने टोपलीभर पाव घेऊन फिरावं असं नाही. पण आपली वाट पाहायला लावण्याच्या युक्त्या साध्या आहेत. संध्याकाळी मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, मडगार्डवर चमकपट्टी, अंगात पावसाळी आभाळाच्या रंगाचा सदरा नको. घंटी वाजवावी, आणि माफी मागितल्यासारखी नव्हे, दारात उभं राहून ‘आहे का कोण?’ विचारावं तशी. आणि सगळ्यांत मोठी युक्ती फुकटची आहे: वळण्याआधी मान वळवून मागे पाहणं. हँडल न हलवता मान वळवायला थोडा सराव लागतो, पण त्याचा परिणाम अद्भुत असतो. पाठमोरा सायकलवाला ही फक्त अडचण असते. त्याने मागे वळून पाहिलं की त्याला चेहरा येतो. हा तर आमच्या भाच्याला शिकवणारा मास्तर, किंवा निदान कुणाचा तरी मास्तर. मागच्या गाडीचा वेग तेवढ्याने उतरतो.

मला स्वतःला ज्या पिढीत सायकल आली त्या पिढीत सायकल मुलांच्या मापाची नसे. ती वडिलांच्या मापाची असे, आणि वडील मोठे होते. नळीवरून पाय टाकता येत नाही म्हणून नळीच्या खालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डावा हात हँडलवर, उजवी काख सीटवर, आणि अर्धं अर्धं पायडल मारत लटकत जायचं. सायकल एकीकडे कललेली, पोर दुसरीकडे. त्या हाफ पायडलमध्ये आम्ही कापणी झालेले मळे ओलांडले, देवळासमोरचं पटांगण घासून काढलं, आणि ओहोटीच्या वेळी मांद्र्याच्या किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू म्हणजे तर साक्षात राजमार्ग. आठवड्याभरात चेनला खार लागून ती लाल होई आणि मग घरात चौकशी समिती बसे.

शिकण्याची खरी सोपी रीत आमच्या जन्माच्या कितीतरी आधी सापडली होती, हे फार पुढे वाचलं. कार्ल ड्राइस नावाच्या जर्मन गृहस्थाने १२ जून १८१७ रोजी मानहाइम गावाबाहेर जी दुचाकी चालवली तिला पायडलच नव्हते. तिच्यावर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. आज मोठ्या वयाच्या माणसाला शिकवायचं तर हेच करतात: पायडल काढून टाका, दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या, आणि हलक्याशा उतारावर पाय उचलून घरंगळू द्या. तोल आला की मग पायडल लावा. आमच्या शेजारच्या माई पन्नाशी उलटल्यावर अशाच शिकल्या. पायडल काढलेल्या लेडीज सायकलवर बसून त्या पटांगणात पायांनी रेटत फिरत होत्या तेव्हा गावाने आळीपाळीने येऊन सल्ला दिला. सायकल दुरुस्तीवाल्याने तर पायडल लावून देण्याची तयारीही फुकट दाखवली. त्याला वाटलं, हरवले असतील.

तोल म्हणजे काय, हे मात्र विचारू नये. विचारलं की जातो. अमेरिकेतल्या डेटन गावी सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने कित्येक सायकलवाल्यांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही काय करता, आणि एकालाही नीट सांगता आलं नाही. कारण डावीकडे वळायचं तर हँडल आधी किंचित उजवीकडे जातं. सायकल त्यामुळे डावीकडे कलते, आणि मग आपण त्या कलण्याच्या मागोमाग डावीकडे वळतो. म्हणजे पडायला सुरुवात करायची आणि पडण्याच्याच दिशेने निघून जायचं. चालती सायकल उभी राहते तीही अशीच, ज्या बाजूला पडतेय त्या बाजूला चाक वळवत. बरीच वर्षं लोक याचं श्रेय फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या जोराला देत. २०११ साली काही संशोधकांनी तो जोर पुरता मारून टाकलेली एक विचित्र सायकल बनवली, आणि ती माणसाशिवाय ढकलल्यावरही आपली आपण सावरत चालत राहिली. संशोधकांनाही नीटसं न उलगडलेलं ते आमच्याकडे आठवीतली मुलगी मैत्रिणीला डबलसीट घेऊन, पेरू खात, करते.

त्याच विल्बरने आणि त्याच्या भावाने १७ डिसेंबर १९०३ ला जे विमान उडवलं त्याचे पंखे सायकलसारख्या चेनने आणि दातेरी चाकांनी फिरत होते. मोप्याच्या पठारावर ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली, तेव्हापासून धारगळच्या आसपास डोक्यावरून काहीतरी सारखं घरघरत जातं. विमानतळाकडे जाणारे रुंद रस्ते झाले आहेत, आणि त्या रस्त्यांवर सायकलने काय करावं याचा विचार कुणी केल्याचं दिसत नाही. शहाणी माणसं जुन्या गावरस्त्याने जातात. पण मान वर करून विमान पाहताना माझ्या मनात तक्रार टिकत नाही. आजोबा रस्त्याच्या कडेने चाललेत आणि नातू वरून जातोय, त्याला ओळख नाही, एवढंच.

भाड्याच्या गाड्यांचं मात्र भान ठेवावं लागतं. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की समजायचं, चालवणाऱ्याचा एक डोळा फोनमधल्या नकाशावर आहे आणि दुसरा समुद्र शोधतोय. हरमलच्या रस्त्यावर अशी गाडी कडेला उभी दिसली तर तिच्या दारापासून दार उघडेल एवढं लांब राहावं. हॉलंडमध्ये मोटारीचं दार लांबच्या हाताने उघडायला शिकवतात, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. इतकी छोटी गोष्ट, नुसता हात बदलायचा.

डिचोलीचं वेगळं होतं. तिथे कड होती ती खनिजाच्या ट्रकांची. शिरगाव, मये, पिळगावच्या बाजूने सारमानसच्या धक्क्याकडे ट्रकांची रांग लागलेली असे. झाडांची पानं लाल, कौलं लाल, सायकलवाल्याच्या भुवयाही लाल. पावसात तो चिखल रस्त्यावर साबणासारखा पसरे. मग २०१२ च्या पावसाळ्याअखेर खाणी थांबल्या, मध्ये सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. रस्ता एकदम इतका मोकळा झाला की घंटी वाजवायची लाज वाटावी. मये तळ्याच्या वाटेवर मुलं दोन्ही हात सोडून सायकल चालवू लागली. आणि त्याच वाटेवर घराघरांसमोर ट्रक उभे होते, टायर बसलेले, हौद्यात गवत उगवलेले, हप्ते अंगावर असलेले. सायकलला रस्ता मिळाला तो असा, कुणाचं तरी घर थांबल्यामुळे. त्या दिवसांत एका बंद ट्रकाचा मालक सायकलवर बुधवारच्या बाजाराला जाताना दिसे. तो अतिशय नीट चालवायचा, ठरलेल्या रेषेत, वळताना हात दाखवून. ट्रकवाल्याला सायकलची भीती असते तेवढी सायकलवाल्याला ट्रकची नसते, असं त्यानेच हसून सांगितलं होतं. वरून काही दिसत नाही हो, खाली तुम्ही कुठे आहात ते.

पावसाबद्दल बोलायचं तर आमच्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि त्यातला बराचसा सायकलवाला रस्त्यावर असतानाच. ओल्या रिमवर ब्रेक लगेच धरत नाही. पहिल्यांदा दाबला की गट्टे नुसतं पाणी पुसतात, थांबवणं मागाहून. म्हणून आधीपासून, हलके हलके दाबावं. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, त्याच्या पोटात काय आहे ते रस्ता करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि छत्री. एका हातात छत्री, एका हातात हँडल हे दृश्य कुठल्याही नियमात बसत नाही आणि पेडण्याच्या कुठल्याही रस्त्यावरून हटत नाही. शहाण्याने रेनकोट घालावा. छत्री धरणारच असाल तर निदान एवढं पाहावं की मोकळ्या हातात पुढच्या चाकाचा ब्रेक येऊ नये. आपल्या सायकलींना तो बहुधा उजव्या हाताला असतो, आणि ओल्या उतारावर एकटा पुढचा ब्रेक दाबणारा माणूस छत्रीसकट उडतो. तेव्हा छत्री उजव्या हातात. माझं हे संशोधन कुठे छापून आलेलं नाही, पण गावात त्याला मान आहे.

आणि उतरावं. मालपेच्या उतारावर, केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीत शिरताना जिथे लोखंडी फळीवर चिखल आणि खारं पाणी एक झालेलं असतं, तिथे उतरून सायकल हाताने न्यावी. तेरेखोलला पोचेपर्यंत तिला धरून उभं राहायचं, ब्रेक दाबून, नाहीतर बोट टेकताना ती एकटीच पुढे निघते. तरण्या पोरांना उतरण्याची शरम वाटते. माईंना ती कधीच वाटली नाही. समोरून म्हशींचा कळप आला, त्या उतरल्या. लग्नाची मिरवणूक आली, त्या उतरल्या आणि जेवूनच आल्या.

माईंची अडचण निराळीच आहे. त्या हात दाखवायला शिकल्या. उजवीकडे वळायचं तर मागे पाहायचं, उजवा हात पूर्ण बाहेर काढायचा, पंजा उघडा, आणि मग वळायचं. सगळं अगदी शिस्तीत. गुरुवारी पेडण्याच्या बाजाराहून परतताना त्या आपल्या वाड्याच्या फाट्यावर असा हात काढतात. पण खेड्यात भर रस्त्यात हात वर करणाऱ्या बाईला कोण वाहतुकीचा इशारा समजणार? समोरच्या बलकांवातले बाबलो मामा उठून उलट हात करतात. चहाच्या गाड्यावरचे दोघे करतात. पलीकडून येणारी मासळीवाली तर थांबतेच: ‘आपयलें गो माका?’ म्हणजे, बोलावलंस का गं मला? मग माईंना थांबावं लागतं, एक पाय जमिनीवर, हात अजून तसाच लांब केलेला. मागची गाडी थांबते, तिच्यामागची थांबते. कर्णा कुणी वाजवत नाही, कारण पहिल्या गाडीतल्या माणसालाही हरमलच्या मिरचीचा यंदाचा भाव ऐकायचा असतो, आणि तो माईंनी आत्ताच बाजारात विचारलेला असतो. भाव त्या आठवड्यात फारच चढला होता, त्यामुळे रांग जरा लांबली.